घराचे मूल्यांकन: जादा बाबी धरण्याच्या रूढ पद्धतीतील उणिवा

घराचे मूल्य काढण्याची आपल्या पाठ्यपुस्तकांतली रीत ठरलेली आहे. जोत्याच्या क्षेत्रफळाला दराने गुणायचे, त्यात मॉड्युलर किचन, ग्रिल, कंपाउंड वॉल अशा जादा बाबींचा खर्च मिळवायचा, एकूण रकमेतून घसारा वजा करायचा आणि जमिनीची किंमत जोडायची. परीक्षेत याला गुण मिळतात. पण बँकेचे कर्ज किंवा भावंडांतली वाटणी ज्या अहवालावर ठरते, तिथे ही रीत तीन ठिकाणी तोकडी पडते.

पहिली उणीव म्हणजे सगळ्या बाबींना एकच वय. समजा, घर २० वर्षांचे आहे, आयुर्मान ६० वर्षे आणि भंगार मूल्य १० टक्के. सरळ रेषा पद्धतीने घसारा ३० टक्के येतो. ३ लाखांच्या किचनलाही तोच लावला, तर २ लाख १० हजार उरतात. आता किचन १२ वर्षांचे आणि त्याचे आयुर्मान १५ वर्षे धरा. भंगार मूल्य तेवढेच ठेवले तरी घसारा ७२ टक्के होतो आणि उरतात फक्त ८४ हजार.

दुसरी, खर्च म्हणजे बाजारातली किंमत नव्हे. तेच किचन नवा मालक काढून टाकणार असेल, तर तो ८४ हजारही देणार नाही. यासाठी जोडी-तुलना करावी. एकाच इमारतीतले, एकाच सुमारास विकलेले दोन सारखे फ्लॅट घ्या. पार्किंग असलेला ६२ लाखांना आणि नसलेला ५८ लाखांना गेला, तर तिथे पार्किंगचे मूल्य साधारण ४ लाख. दुरुस्ती नेहमी तुलनेच्या फ्लॅटच्या किमतीत करा. त्याच्याकडे जास्त असेल ते वजा, कमी असेल ते अधिक.

तिसरी, दुहेरी मोजणी. रेरा कायदा, २०१६ नुसार चटई क्षेत्रात फ्लॅटची स्वतंत्र बाल्कनी धरली जात नाही. पण तुम्ही घेतलेला बाजारदर बाल्कनी असलेल्या फ्लॅटांच्या विक्रीवरून काढलेला असेल, तर बाल्कनीची किंमत त्या दरात आधीच आली. ती पुन्हा जोडली की मूल्य फुगते.

म्हणून खर्च पद्धत टाकाऊ ठरत नाही. जिथे तुलनेला विक्री सापडत नाही किंवा खरेदीखतातल्या रकमेवर भरवसा ठेवता येत नाही, तिथे तिचाच आधार असतो. मात्र प्रत्येक जादा बाबीपुढे तिचे स्वतःचे वय, ती दरात आधीच आली आहे का आणि ग्राहक तिचे पैसे देतो याला पुरावा काय, हे तीन रकाने भरा. तिसरा रकाना रिकामा राहिला, तर तो आकडा खर्चाचा आहे, बाजाराचा नाही, हे अहवालात स्पष्ट लिहा.