आवाज मोठा म्हणजे अभिनय खोटा?

'ओव्हरअॅक्टिंग' हा शब्द आपण फार सढळ हाताने वापरतो. नट जरा ओरडला की बसला शिक्का. पण मोठा आवाज म्हणजे अतिरेक, हे समीकरण मला मान्य नाही.

'नटसम्राट' घ्या. शिरवाडकरांचं हे नाटक १९७० साली रंगभूमीवर आलं आणि डॉ. श्रीराम लागूंनी गणपतराव बेलवलकर उभे केले. हा माणूस घरातसुद्धा रंगमंचावर असल्यासारखा बोलतो. स्वगतं, पल्लेदार वाक्यं, सगळं आहे. मग हा अतिअभिनय झाला का? जन्मभर नाटकं केलेल्या माणसाकडे दुःख बोलायला दुसरी भाषाच उरलेली नाही, म्हणून तो तसा बोलतो. तीच स्वगतं एकपात्री स्पर्धांमध्ये ऐकताना मात्र पुष्कळदा कान किटतात. शब्द तेच, पण बेलवलकरांची बायको, मुलं, घर सगळं गळून पडलेलं असतं. उरतं काय, तर 'बघा, मी कसा रडतो!'

भरताच्या नाट्यशास्त्रात लोकधर्मी आणि नाट्यधर्मी असा भेद केलाय. दशावतारातला राक्षस आरोळी ठोकत येतो, ते नाट्यधर्मी. देवळापुढे रात्रभर बसलेल्या प्रेक्षकाला ती रीत ठाऊक असते, त्याला ती खोटी वाटत नाही. नटाचं लक्ष प्रसंगावरून उडून टाळीकडे गेलं, की बिघडतं.

आता घरातलं सांगतो. काका गेले तेव्हा गावाकडची आत्या दारातूनच हंबरडा फोडत आली. एकेक आठवण काढून, सूर लावून रडली. मी कॉलेजात होतो. चुलतभावाच्या कानात म्हणालो, "काय नाटक आहे!" संध्याकाळी परसात गेलो, तर आत्या एकटीच काकांच्या धोतराची घडी घालत, त्याच सुरात, हळू रडत होती. बघायला कुणी नव्हतं. ती तिची रडायची रीत होती, बरं का.

उलट हल्ली अगदी हळू आवाजात, कॅमेऱ्याचा कोन सांभाळत डोळे टिपणारी माणसं दिसतात. मला ते जास्त भडक वाटतं.

म्हणून समीक्षकाने आवाज मोजू नये, नटाची नजर कुठे आहे ते बघावं. समोरच्या पात्राकडे, की आपल्याकडे? आणि घरीदारी कुणाला 'नाटकी' म्हणताना थोडं थांबावं. आत्याची माफी मागायची माझी राहूनच गेली.