लग्न लांबल्याचा राग नाही, कारण खोटं असल्याचा आहे

आपल्या जालना जिल्ह्याला बोहल्यावर मोडलेल्या लग्नाची गोष्ट नवी नाही. घनसावंगी तालुक्यातल्या जांबचे नारायण ठोसर ‘सावधान’ ऐकताच मंडपातून निघून गेले आणि पुढे समर्थ रामदास झाले, असं परंपरा सांगते. तिथे एका शब्दात काम भागलं. आमचे मालिकावाले तोच शब्द पंधरा दिवस पुरवतात. आधी भटजींचा चेहरा, मग आईचा, मग मावशीचा, मग विजेचा कडकडाट, आणि बाकीचं उद्या. (हशा)

हसू येतं खरं, पण ‘किती लांबवतात हो!’ ही घराघरातली तक्रार आज जरा तपासून पाहू. आमच्या मते ती नेमकी नाही. लांबण आपल्या माणसांना कधीच नकोसं नव्हतं. रुक्मिणी स्वयंवराचं आख्यान बुवा हवं तितकं फुलवतात, शेवट लहान पोरालाही ठाऊक असतो, तरी कुणी सतरंजी झटकून उठत नाही. कारण रुक्मीचा विरोध खरा आहे. तो दोन वाक्यांत मिटणारा नाही.

आता ‘होणार सून मी ह्या घरची’ घ्या. झी मराठीवर 2013 मध्ये सुरू झाली, 2016 च्या जानेवारीत संपली. जान्हवी बँकेत नोकरी करणारी, घरात सावत्र आई, पैशाची ओढाताण, वर अनिल आपटेचं स्थळ. श्री श्रीमंत, बायकांनी भरलेल्या घरातला लाडका मुलगा. या दोघांचं जमायला वेळ लागला तेव्हा कुणी कुरकुरलं नाही, उलट जेवणं लवकर उरकली जायची. अडचण ओळखीची होती. कमावत्या मुलीच्या पगारावर घराचा डोळा असणं अंबड-परतूरच्या बाईला समजावून सांगावं लागत नाही.

बिघडलं लग्नानंतर. स्मृती गेली, घटस्फोट झाला, मग ते सुप्रसिद्ध बाळंतपण. एक वाक्य बोललं तर सुटेल असा गुंता, आणि ते वाक्य जान्हवी बोलत नाही. का? तर ती सोशिक म्हणून. सुरुवातीला हीच मुलगी ठाम होती. भाग वाढवायचे म्हणून तिची वाचा काढून घेतली आणि त्या गप्प बसण्याला संस्कार असं नाव दिलं. आमचा आक्षेप इथे आहे, आणि तो वेळेपुरता नाही. आठवड्याला सहा भाग, रोजचा अर्धा तास, म्हणजे वर्षाला दीडशेच्या वर तास एखादी बाई आपल्यासारखीच दुसरी बाई पाहते, आणि गप्प बसणं हाच तिचा मोठेपणा असं तिला दाखवलं जातं.

यात लेखकाला किती दोष द्यायचा? रोजच्या मालिकेला शेवट ठरलेला नसतो. टीआरपी चढता असेल तर वाहिनी संपवू देत नाही, घसरला तर पंधरा दिवसांत गुंडाळा म्हणते. विहीर किती खोल खणायची हे न सांगता गड्याला उतरवण्यातला हा प्रकार. ‘श्रीयुत गंगाधर टिपरे’ आठवड्यातून एकदा यायची, तिला हा जाच नव्हता. अमेरिकेच्या ‘फ्रेंड्स’नेही रॉस आणि रेचेल यांना 10 वर्षं, 236 भाग झुलवलं. तिथेही लोक वैतागले, पण रेचेल गप्प नव्हती, चांगली भांडत होती.

जान्हवीच्या बाळंतपणावर मोबाइलवर विनोदांचा पूर आला होता. त्यातले बरेचसे मालिकेवर कमी आणि ती बघणाऱ्या बायकांवर जास्त होते. आम्हाला ते पटत नाही. सासूबाई आणि सून एका सतरंजीवर बसून ‘हिने सांगून का टाकलं नाही?’ असा वाद घालतात, ती आमच्या लेखी समीक्षाच आहे. पुष्कळदा छापील समीक्षेपेक्षा नेमकी.

वेगळं करता येतं, याचा पुरावा झी मराठीवरच आहे. 2012 ची ‘एका लग्नाची दुसरी गोष्ट’. घना आणि राधा करारावर लग्न करतात, म्हणजे लग्न आधी आणि प्रेम मागाहून. अडचण दोघांच्या स्वभावातच होती, बाहेरून खलनायिका आणावी लागली नाही. आणि मालिका त्याच वर्षी संपली, लोकांना हवीशी असताना. गंमत अशी की दिग्दर्शक सतीश राजवाडे आणि स्वप्नील जोशी–मुक्ता बर्वे ही जोडी यांनी ‘मुंबई-पुणे-मुंबई’चे तीन सिनेमे केले, 2010, 2015 आणि 2018 साली. पहिल्यात भेट, दुसऱ्यात लग्न, तिसऱ्यात मूल. एका जोडप्यासाठी आठ वर्षं! पण ‘लांबवलं’ अशी ओरड आमच्या तरी कानावर आली नाही.