गोंडा आणि गोंडा घोळणारे

'पॉश' हा शब्द मराठी घरात आता इतका रुळला आहे की तो परका आहे याची आठवणही कोणाला होत नाही. पॉश फ्लॅट, पॉश लग्न, पॉश शाळा असे आपण सहज बोलून जातो. दिवाळीच्या फराळाला जमलेल्या मंडळींत एखादे जाणकार काका असतातच, आणि या शब्दाचा विषय निघाला की ते त्याची जन्मकथाही सांगतात. विलायतेहून मुंबईला येणाऱ्या पी. अँड ओ. कंपनीच्या बोटींवर म्हणे येताना डाव्या बाजूच्या खोल्यांना सावली असे आणि परतताना उजव्या. या सावलीच्या खोल्या महाग. ज्यांना त्या परवडत त्यांच्या तिकिटावर 'पोर्ट आउट, स्टारबोर्ड होम' या चार शब्दांची आद्याक्षरे छापली जात, आणि त्या अक्षरांचाच 'पॉश' हा शब्द झाला.

कथा झकास आहे. तीत समुद्र आहे, ऊन आहे, साहेब आहे आणि आपली मुंबईही आहे. उणीव एवढीच की ती खरी नाही. असा शिक्का मारलेले एकही तिकीट आजवर कोणाच्या हाती लागलेले नाही, आणि ही कथा प्रथम छापून आली ती १९३५ च्या सुमारास. शब्द त्याआधीच चांगला रूढ झालेला होता. १८९२ साली पुस्तकरूपाने निघालेल्या, ग्रोस्मिथ बंधूंच्या 'डायरी ऑफ अ नोबडी' या विनोदी कादंबरीत मरे पॉश नावाचे एक ऐटबाज पात्र आहे. घराण्याचा धंदा तीन शिलिंगांच्या टोप्या विकण्याचा. पण पैसा गडगंज, आणि त्या बळावर तो नायकाच्या मुलाची ठरलेली नवरी पळवतो. एकोणिसाव्या शतकातील लंडनच्या भुरट्या लोकांच्या बोलीत 'पॉश' म्हणजे चिल्लर, अर्ध्या पेनीचे नाणे. त्यावरून पुढे पैसा. कोशकार अजून शपथेवर बोलत नाहीत, पण या नाण्याच्या नावामागे जिप्सींच्या रोमानी भाषेतला 'अर्धा' या अर्थाचा शब्द असावा असे त्यांना वाटते. रोमानी ही आपल्याच आर्यभाषांची फार पूर्वी घर सोडून गेलेली बहीण. म्हणजे हिंदुस्थानशी या शब्दाचे नाते असलेच तर ते बोटीच्या पहिल्या वर्गातून आलेले नाही; भटक्यांच्या पालातून आलेले आहे.

इंग्रजांनी आपल्या वरच्या वर्गाला जी टोपणनावे ठेवली त्यांची चौकशी करू लागले की हा अनुभव पुन्हा पुन्हा येतो. 'स्नॉब' हा शब्द घ्या. हा 'सिने नोबिलिताते', म्हणजे 'कुलीनतेवाचून', या लॅटिन शेऱ्याचा संक्षेप आहे, विद्यापीठाच्या नोंदवहीत सामान्य घरच्या मुलांपुढे तो लिहीत, असे छातीठोकपणे सांगणारे भेटतात. हीही भाकडकथाच. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात 'स्नॉब' म्हणजे निव्वळ चांभार. केंब्रिजच्या विद्यार्थ्यांनी तो शब्द गावातल्या बिगर-विद्यापीठी माणसांना लावला, तिथून तो हलक्या वर्गाला चिकटला. त्याला आजचा अर्थ मिळवून दिला तो थॅकरेने. कलकत्त्यात १८११ साली जन्मलेल्या या लेखकाने 'पंच' साप्ताहिकात १८४६–४७ मध्ये इंग्लंडमधील स्नॉबांवर लेखमाला लिहिली; १८४८ मध्ये तिचे 'बुक ऑफ स्नॉब्स' हे पुस्तक झाले. जे कौतुकास पात्र नाही त्याच्यापुढे लोटांगण घालणारा तो स्नॉब, मग तो उमराव असो की कारकून, असा व्यापक अर्थ थॅकरेने त्या शब्दात भरला; आणि त्या पंक्तीत त्याने स्वतःचेही पान मांडून घेतले. त्या पुस्तकाची गोडी आजही टिकली आहे ती याच प्रामाणिकपणामुळे.

नव्या श्रीमंताला पैसा मिळाला की तो पहिल्याप्रथम एखादी वंशावळ तयार करवून घेतो. शब्दांचेही तसेच होते. अर्ध्या पेनीच्या नाण्याला आगबोटीचा पहिला वर्ग मिळतो, चांभाराला लॅटिन आजोबा मिळतो. शब्द मुळात चेष्टेचा असतो, पण ज्याची चेष्टा करायची त्याच्या वैभवाचे आकर्षण बोलणाऱ्याच्या मनात इतके असते की ते हळूहळू शब्दालाही लागते. 'पॉश' या शब्दाचा प्रवास टवाळीपासून कौतुकापर्यंत झाला तो असाच.

'टॉफ' या शब्दाने तर ही मनाची दुहेरी ओढ वेगळ्याच रीतीने जपली आहे. ऑक्सफर्ड व केंब्रिज येथे पूर्वी उमरावांच्या मुलांना चौकोनी टोपीवर सोनेरी गोंडा लावण्याचा मान असे. इतरांच्या टोपीला साधा काळा गोंडा. त्या सोनेरी गोंड्याला 'टफ्ट' म्हणत, आणि त्याचाच अपभ्रंश होऊन एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास लंडनच्या रस्त्यांवर 'टॉफ' हा शब्द ऐकू येऊ लागला असावा असे मानतात. टोपीवरच्या गोंड्याने माणसाचे नाव घेतले. पण त्याहून गमतीचा आहे त्याच गोंड्यापासून झालेला दुसरा शब्द. उमरावपुत्रांच्या मागेमागे करणाऱ्याला तिकडे 'टफ्ट-हंटर', गोंड्यांचा शिकारी, म्हणत. मराठीने हे काम एका वाक्प्रचारात केव्हाच करून ठेवले आहे. आपण म्हणतो, अमका तमक्यापुढे 'गोंडा घोळतो'. तिकडचा गोंडा धन्याच्या टोपीवर आहे, इकडचा कुत्र्याच्या शेपटीवर. लाचारी मात्र एकच.

'स्वेल' हा शब्दही पोशाखातूनच आलेला. फुगणे, छाती काढून चालणे, यावरून छानछोकीच्या माणसाला तो लागला. लगेच खिसेकापूंनी त्याचा उपयोग करून घेतला. उंची कपडे घालून गर्दीत मिसळणाऱ्या चोरांच्या टोळीला 'स्वेल मॉब' असे नाव पडले. कपडे हीच जर कुलीनतेची खूण, तर ती शिंप्याकडून विकत घेता येते, हे चोरांना पंडितांच्या आधी कळले होते.

इथवर पाहिलेले 'टॉफ' आणि 'स्वेल' हे खालून वर फेकलेले शब्द. काही शब्द मात्र वरून खाली टाकले गेले, आणि दोहोंच्या परिणामात फार अंतर आहे. अठराव्या शतकात ईस्ट इंडिया कंपनीचे नोकर बंगालमधून अमाप पैसा घेऊन मायदेशी परतले, तेव्हा जुन्या जमीनदारांनी त्यांना 'नबॉब' म्हणून हिणवले. शब्द आपल्या नवाबाचा. सॅम्युएल फूटने १७७२ साली याच नावाचे नाटक रंगभूमीवर आणले. त्यातला सर मॅथ्यू माइट पाहताना प्रेक्षकांना रॉबर्ट क्लाइव्हची आठवण झाली नसती तरच नवल. या शब्दात नैतिक संताप होताच. पण लुटीइतकाच राग आला होता तो त्या लुटीवर कालच्या पोराने शेजारची इस्टेट विकत घेतली याचा. असा शब्द जिव्हारी लागतो, कारण ज्याला तो लागतो त्याला नेमके हिणवणाऱ्याच्याच पंक्तीला बसायचे असते.

हाच खेळ विसाव्या शतकात अधिक सभ्यपणे खेळला गेला. बर्मिंगहॅमचे भाषाशास्त्रज्ञ ॲलन रॉस यांनी १९५४ मध्ये हेलसिंकीच्या एका विद्वन्मान्य नियतकालिकात वरच्या वर्गाच्या इंग्रजीला 'यू' आणि इतरांच्या इंग्रजीला 'नॉन-यू' अशी नावे दिली. दुसऱ्या वर्षी नॅन्सी मिटफर्ड या सरदारकन्येने 'एन्काउंटर' मासिकात ती उचलली, आणि १९५६ च्या 'नोब्लेस ऑब्लीज' या संग्रहाने ती घरोघर गेली. जेवणाच्या हातरुमालाला 'नॅपकिन' म्हणावे, 'सर्व्हिएट' म्हणू नये. आरशाला 'लुकिंग-ग्लास' म्हणावे, 'मिरर' म्हणू नये. गंमत अशी की यातले नॉन-यू शब्द बहुधा अधिक नाजूक, अधिक 'सभ्य' असतात. मध्यमवर्गीय गृहिणी चांगले बोलण्यासाठी जपून जो शब्द वापरते, तोच तिची जात उघडी पाडतो. मिटफर्डबाईंची लेखणी चटकदार आहे, आणि आपण थट्टा करीत आहोत असे त्या भासवतात. पण ही थट्टा कोणाला पोळते? सरदाराला आरशाला काय म्हणावे याची कधीच फिकीर नव्हती. हसताना दचकला तो वाचणारा कारकून आणि त्याची बायको. थॅकरे स्वतःला पंक्तीत बसवून लिहितो. मिटफर्डबाई माडीच्या खिडकीतून लिहितात. दोन्ही पुस्तके विनोदी असली तरी एकाने माणसाची भीती थोडी कमी केली, दुसऱ्याने ती वाढवली.

भाषेच्या या उंबरठ्यावर शॉने आधीच बोट ठेवले होते. त्याच्या 'पिग्मॅलियन'मधील फुले विकणारी मुलगी उच्चार बदलताच समाजात सरदारीण म्हणून खपते. पु. ल. देशपांडे यांनी १९७५ मध्ये त्याची 'ती फुलराणी' केली तेव्हा मराठी प्रेक्षकाला ती एका क्षणात आपली वाटली, याचे कारण शुद्ध-अशुद्धाचा तोच उंबरठा आपल्याही घराला होता.

उलट वरच्या वर्गाने स्वतःवर केलेले किंवा ओढवून घेतलेले विनोद त्याला फारसे महाग पडत नाहीत. पीटर यॉर्क यांनी १९७५ मध्ये स्लोन स्क्वेअर भागातील सुखवस्तू तरुणांसाठी 'स्लोन रेंजर' हे नाव रूढ केले, आणि ॲन बार यांच्यासह लिहिलेले त्यांचे हसरे मार्गदर्शकपर पुस्तक १९८२ मध्ये निघाले. अशी पुस्तके चेष्टा म्हणून लिहिली जातात आणि पाठ्यपुस्तक म्हणून वाचली जातात.

आणि खालून फेकलेल्या शब्दाचे काय होते? २००८ च्या मे महिन्यात क्रू अँड नॅन्टविच या मतदारसंघात पोटनिवडणूक झाली. हुजूर पक्षाच्या एडवर्ड टिम्पसन यांना 'टॉफ' ठरविण्यासाठी मजूर पक्षाचे कार्यकर्ते उंच काळ्या टोप्या आणि लांब कोट घालून त्यांच्या मागे फिरले. मजूर पक्षाच्या स्वतःच्या उमेदवार या दिवंगत खासदार ग्वेनेथ डनवुडी यांच्या कन्या होत्या, म्हणजे वारसाहक्काचा मुद्दा त्यांच्याही घरात होता. टिम्पसन श्रीमंत खरेच. पण त्या घराण्याची प्रसिद्धी बूट-दुरुस्तीच्या दुकानांची. 'स्नॉब' या शब्दाचा जुना अर्थ ज्यांना ठाऊक आहे त्यांना हसू आवरणार नाही. ज्या जागी तीन वर्षांपूर्वी मजूर पक्षाला ७,००० हून अधिक मताधिक्य होते, ती जागा टिम्पसन यांनी ७,८०० हून अधिक मतांनी जिंकली. मतदारांच्या मनात महागाईचे आणि करांचे प्रश्न होते. समोर नाचविली जात होती टोपी. जो शब्द दीडशे वर्षे टोपीवरच नेम धरीत आला, त्याने टोपी पडते. सत्ता आणि संपत्ती जागच्या जागी राहतात.

आपण हे सारे दूरची मौज म्हणून वाचावे असे मात्र नाही. 'उच्चभ्रू' हा आपला शब्द इंग्रजी 'हायब्राउ'वरून बेतलेला. मुळात तो बुद्धीचा तोरा मिरवणाऱ्याची भुवई दाखवीत होता, आणि त्यात चांगली खोच होती. आज वर्तमानपत्रांत 'उच्चभ्रू वस्ती' असते. तिथे बुद्धीचा संबंध नाही, प्रश्न फक्त जागेच्या भावाचा. आणि तो शब्द उच्चारताना आपल्या आवाजात पूर्वीची खोच उरली आहे की थोडी असूया, हे ज्याचे त्याने पाहावे. गोंड्यावर हसणारा आणि गोंडा घोळणारा पुष्कळदा एकाच अंगरख्यात राहतात.

शेवटी एक छायाचित्र. ९ जुलै १९३७ रोजी लंडनच्या लॉर्ड्स मैदानाबाहेर, ईटन विरुद्ध हॅरो या शाळांच्या सामन्याच्या दिवशी, जिमी साइम या छायाचित्रकाराने ते टिपले. उंच टोप्या घातलेले, हातात छडी घेतलेले हॅरोचे दोन विद्यार्थी मोटारीची वाट पाहत उभे आहेत. शेजारी साध्या कपड्यांतली जवळच्या शाळेतली तीन मुले त्यांच्याकडे पाहून हसत आहेत. 'टॉफ्स अँड टफ्स' या नावाने ते चित्र पुढे वर्षानुवर्षे छापले गेले. इंग्लंडमधील वर्गभेद दाखवायचा झाला की हेच चित्र. त्या हसणाऱ्या तिघांनी पुढे आपापले कामधंदे केले, संसार थाटले. टोपीवाल्या दोघांपैकी एकाचे वडील हिंदुस्थानात लष्करात होते. तो पुढल्याच वर्षी आईवडिलांना भेटायला इकडे आला आणि हैदराबादजवळच्या त्रिमुलघेरी छावणीत घटसर्पाने गेला. वय वर्षे सोळा.

चित्र पाहणाऱ्याला हे कळत नाही. त्याला टोपी दिसते. खालच्या मथळ्यातल्या एका शब्दाने त्या मुलाला कायमचा टॉफ करून ठेवले आहे, आणि त्या तिघांना कायमचे रस्त्यावरचे. वर्गभेद खोटा होता असे नाही. त्या दिवशी तो त्या फुटपाथवर खरोखरच उभा होता. पण त्याला नाव देण्यासाठी जो शब्द आपण उचलतो तो गोंड्यापाशीच थांबतो, आणि टोपीखाली एक पोरगेलासा चेहरा आहे हे पाहायचे राहून जाते.