गट क्रमांक आणि प्रायमरी की : एक चिकित्सा

डेटाबेसच्या अध्यापनात प्रायमरी की अद्वितीय असावी यावर भर असतो. ती स्थिर असावी, हे सहसा दुर्लक्षिले जाते. करवीर तालुक्यातील एखाद्या गावचा सातबारा यासंदर्भात बोलका आहे. १९४७ च्या तुकडेबंदी व एकत्रीकरण कायद्यान्वये योजना झालेल्या गावांत सर्व्हे क्रमांक जाऊन गट क्रमांक आले. पुढे वाटणी झाली की समजा १२५ चे १२५/१ व १२५/२ होतात. गावापुरता हा क्रमांक अद्वितीय खरा. स्थिर मात्र नव्हे.

तोच प्रायमरी की म्हणून योजल्यास त्याचा भार इंडेक्सवर पडतो. मायएसक्यूएलच्या इनोडीबीमध्ये नोंदी प्रायमरी कीच्या क्रमाने साठविल्या जातात व खातेदाराच्या नावावरील इंडेक्ससारख्या प्रत्येक दुय्यम इंडेक्समध्ये तिची प्रत असते. क्रमांक बदलला की त्या साऱ्या नोंदी बदलतात. प्रायमरी कीचा स्तंभच बदलल्यास संपूर्ण टेबल नव्याने रचावे लागते. पोस्टग्रेसमध्ये इंडेक्स नोंदीच्या भौतिक स्थानाकडे निर्देश करतो, म्हणून अशी पुनर्रचना टळते. फेरफाराच्या टेबलातील फॉरेन की मात्र तेथेही बदलाव्या लागतात.

कॉड यांनी १९७० च्या निबंधातच इंडेक्स हा केवळ कार्यक्षमतेचा प्रश्न मानला होता. तरी ओळख आणि शोधाची सोय यांची गल्लत वर्गात होतेच. २०२१ मध्ये केंद्राने आणलेला १४ वर्णांचा भू-आधार भूखंडाच्या अक्षांश-रेखांशांवर बेतलेला असल्याने वाटणीनंतर तोही निर्धोक ठरत नाही. अर्थहीन अनुक्रमांक प्रायमरी की ठेवून गाव व गट क्रमांकावर स्वतंत्र युनिक इंडेक्स देणे अधिक सयुक्तिक होय.