उंबरठ्याच्या आतली पाळत

ठाण्याच्या वर्तकनगरात म्हाडाच्या जुन्या इमारतींच्या आसपास मोबाइल दुरुस्तीची लहान लहान दुकाने आहेत. त्यांतल्या एकात फुटलेला डिस्प्ले बदलायला मी माझा मोबाइल दिला. कारागिराने विचारले, "चाचा, लॉक काय आहे?" मी चारही आकडे सांगून मोकळा झालो. शेजारी उभी असलेली कॉलेजची मुलगी मात्र म्हणाली, "लॉक सांगणार नाही. टच तपासायचा असेल तेव्हा मी इथेच उघडून देते." कारागीर हसून म्हणाला, "लपवण्यासारखं काय आहे, ताई?" खरे सांगायचे तर तेव्हा माझ्याही मनात तोच प्रश्न आला होता.

या प्रश्नाचे मूळ आपल्या भाषेत आहे. वर्तमानपत्रांत या हक्काला 'गोपनीयता' म्हणतात. मंत्री शपथ घेतात तीही पदाची आणि गोपनीयतेची. गोपनीय म्हणजे लपवून ठेवायचे. असा शब्द वापरला की हक्क मागणारा माणूस आपोआप संशयित ठरतो. त्यापेक्षा अरबी 'खास'वरून आलेला 'खासगी' हा शब्द मराठीत कधीच रुळला आहे. पूर्वीच्या संस्थानांत खासगीचा कारभार वेगळा असे. तो चोरून चालत नसे, त्यात इतरांना दखल नव्हती इतकेच. मोबाइलचेही तसेच आहे. 24 ऑगस्ट 2017 रोजी पुट्टस्वामी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या 9 न्यायमूर्तींनी एकमताने खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला, तोही याच अर्थाने.

मुस्लिम समाजाला या हक्काची किंमत वेगळी सांगायला नको. 1 जानेवारी 2022 रोजी 'बुल्ली बाई' नावाच्या ॲपवर शंभराहून अधिक मुस्लिम स्त्रियांची छायाचित्रे त्यांना न विचारता टाकून त्यांचा 'लिलाव' मांडण्यात आला. त्याआधी जुलै 2021 मध्ये 'सुल्ली डील्स'ने हेच केले होते. त्या स्त्रियांत पत्रकार होत्या, कार्यकर्त्या होत्या. त्यांचा दोष एवढाच, की त्या समाजमाध्यमांवर स्वतःच्या नावाने आणि स्वतःच्या चेहऱ्याने बोलत होत्या. मुंबई पोलिसांनी या प्रकरणात सुरुवातीला पकडलेली मुले अठरा-एकवीस वर्षांची निघाली. आपण सगळेच संतापलो आणि तो संताप रास्त होता.

परंतु त्यानंतर आपल्या घरांतून काय झाले? पुष्कळ ठिकाणी मुलींनाच सांगण्यात आले, "फोटो काढून टाक, अकाउंट बंद कर." भाऊ बहिणीचा मोबाइल तपासू लागला, नवरा बायकोचा पासवर्ड मागू लागला. ज्याने चोरी केली तो राहिला बाजूला आणि जिच्याकडे चोरी झाली तिच्याच दाराला कुलूप लागले. तेच भाऊ, तेच नवरे लग्नातले बायकांचे फोटो न विचारता कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकतात, ही विसंगती कुणाला खटकत नाही. परवानगी घेतल्याशिवाय दुसऱ्याच्या घरात शिरू नका, एकमेकांवर पाळत ठेवू नका, ही शिकवण आपण वाजमध्ये ऐकतो आणि घरी येऊन मुलीचा मोबाइल उघडतो.

बोलण्याच्या स्वातंत्र्याबाबतही आपली मापे दोन आहेत. नोव्हेंबर 2012 मध्ये पालघर ठाणे जिल्ह्यातच होते. बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतरच्या बंदबद्दल फेसबुकवर लिहिणारी एक मुलगी आणि ते 'लाइक' करणारी तिची मैत्रीण, दोघींना अटक झाली. लिहिणारीच्या काकांच्या दवाखान्याची मोडतोड झाली. पुढे 24 मार्च 2015 रोजी सर्वोच्च न्यायालयाने माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम 66अ रद्द केले. ही हकीकत आपण आजही अभिमानाने सांगतो.

मात्र एप्रिल 2020 मधली गोष्ट आपण सांगत नाही. घोडबंदर रोडवरच्या एका अभियंत्याने मंत्री जितेंद्र आव्हाड यांची टिंगल करणारा मजकूर फेसबुकवर टाकला. त्याबद्दल मंत्र्यांच्या बंगल्यावर नेऊन आपल्याला मारहाण झाली, अशी तक्रार त्याने याच वर्तकनगरच्या पोलीस ठाण्यात दिली. आव्हाड यांनी आपला संबंध नाकारला. ऑक्टोबर 2021 मध्ये त्यांना अटक होऊन लगेच जामीन मिळाला आणि 2023 साली सर्वोच्च न्यायालयाने पुढील तपासाचा आदेश दिला. दोषी कोण हे न्यायालय ठरवील. पण मुंब्रा-कळव्याचे हे आमदार आपल्या बाजूने बोलतात, म्हणून मार खाल्ल्याचे सांगणाऱ्या माणसाबद्दल आपल्यापैकी कितीजण एक वाक्य बोलले? पालघरच्या मुलीचा हक्क खरा असेल, तर आपल्याला न आवडणाऱ्या या अभियंत्याचाही तितकाच खरा आहे.

याचा साहित्याशी काय संबंध, असे कुणी विचारील. 2023 साली देशात डिजिटल व्यक्तिगत विदा संरक्षण कायदा संमत झाला. पण एखाद्या व्यक्तीने व्यक्तिगत किंवा घरगुती कारणासाठी केलेल्या वापराला तो लागू नाही. कायदा उंबरठ्यापाशी थांबतो, आणि ते योग्यच आहे, कारण घराघरांत सरकार शिरावे असे आपल्यालाही वाटत नाही. जिथे कायदा थांबतो तिथून कथा-कादंबरीचे काम सुरू होते. मुस्लिम मराठी लेखकांनी तलाकवर लिहिले, दंगलीवर लिहिले, समाजाचा रोष पत्करून लिहिले. मोबाइल मात्र आपल्या कथांत अजूनही बहुधा खलनायक म्हणून येतो. मुलगी मोबाइल घेते, बिघडते आणि शेवटी पस्तावते. ही कथा बापाच्या नजरेतून लिहिलेली आहे. रात्री उशीखाली मोबाइल ठेवून झोपणाऱ्या, सकाळी भावाने काय काय वाचले असेल याची धास्ती घेऊन उठणाऱ्या मुलीची कथा माझ्या वाचनात अजून आलेली नाही. ती मुलीच लिहितील. आपण ज्येष्ठांनी निदान त्यांची वही आणि मोबाइल उघडून पाहणे थांबवावे.

दुकानातली ती मुलगी तासभर स्टुलावर बसून राहिली आणि काम होताच मोबाइल घेऊन गेली. मी घरी आलो आणि माझ्या मोबाइलचे चारही आकडे बदलले. नातीचे आकडे मला पाठ होते. संध्याकाळी तिला म्हटले, "बेटा, तुझेही बदल, आणि मला सांगू नकोस."