‘चढणे’, ‘उतरणे’ आणि रक्तशर्करा

मधुमेहाविषयीच्या मराठी आरोग्यलेखनात रोगाची कारणे बहुधा दोन कप्प्यांत मांडलेली आढळतात : आनुवंशिकता आणि आहारविहार. मद्यपान अर्थातच दुसऱ्या कप्प्यात पडते. या विभागणीला जुना आधार आहे. सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानात प्रमेहाचे सहज, म्हणजे जन्माबरोबर आलेला, आणि अपथ्यनिमित्त असे दोन भेद सांगितले असून पहिल्याचे मूळ मातापित्यांच्या बीजदोषात मानले आहे. रोग्यांचे वर्गीकरण म्हणून हा भेद मार्मिक आहे. तथापि तो कारणांनाच लावला, की विचारात घोटाळा होतो.

वस्तुतः बीज आणि अपथ्य नेहमीच परस्परांपासून अलग राहत नाहीत. यकृतात मद्यार्काचे प्रथम ॲसिटाल्डिहाइड व नंतर ॲसिटेट बनते. दुसरी पायरी घडविणाऱ्या एन्झाइमचा एक दुर्बल प्रकार पूर्व आशियात पुष्कळांना वारशाने मिळतो; भारतात तो विरळ आहे. अशा व्यक्तीचा चेहरा थोड्याशा मद्यानेही लाल होतो, तिला मळमळते, आणि ती सहसा कमी पिते. म्हणजे अपथ्याकडील ओढही अंशतः सहज ठरते. उलटपक्षी, या भेदाचा रक्तशर्करेशी संबंध पिणाऱ्यांतच दिसला व न पिणाऱ्यांत दिसला नाही, तर बीजाचा परिणाम पेल्यामार्फत झाला, असेच अनुमान निघते. ‘आनुवंशिक’ या शब्दाला व्यवहारात चिकटलेला ‘अटळ’ हा अर्थ येथे टिकत नाही. तसेच तिकडील निष्कर्ष नागपूरच्या रोग्याला जसेच्या तसे लागू करता येत नाहीत.

दुसरा दोष क्रियापदाचा आहे. ‘दारूने शुगर उतरते’ हे विधान मर्यादित अर्थाने खरे आहे. मद्याचे विघटन चालू असताना यकृताचे नवी शर्करा बनविण्याचे कार्य मंदावते. परंतु मराठीत ताप उतरतो, विष उतरते, विंचू उतरतो. ‘उतरणे’ म्हणजे गुण येणे. त्यामुळे संकटाचे वर्णन उपचारासारखे ऐकू येते. उपाशीपोटी पिणाऱ्याची, विशेषतः इन्सुलिन किंवा सल्फोनिलयुरिया वर्गातील औषध घेणाऱ्याची, शर्करा धोकादायक पातळीपर्यंत घसरू शकते, तीही कित्येक तासांनंतर. शिवाय दीर्घकाळच्या अतिमद्यपानाने स्वादुपिंडाला इजा झाल्यास तीच शर्करा कायमची वाढू शकते.

मोहाच्या दारूने हा घोटाळा मिटत नाही. फुलातील शर्करा आंबण्यात खर्च होते आणि उरलेली ऊर्ध्वपातनात मागे राहते. फूल गोड असले, तरी त्याची दारू घसरलेल्या शर्करेला आधार देत नाही.

शर्करा फार घसरली, की घाम सुटतो, हात कापतात, बोलणे अडखळते, माणूस भ्रमिष्टासारखा वागतो. पाहणारा म्हणतो, ‘चढली आहे, झोपू द्या.’ शर्करा उतरलेली असते आणि निदान चढल्याचे होते. अशा झोपेतून माणूस कदाचित उठणारही नाही. आरोग्यलेखकांनी ‘उतरणे’ टाकून ‘घसरणे’ स्वीकारावे, ही सूचना म्हणूनच केवळ शब्दशुद्धीची नाही.