भाकरी कोणी बांधून दिल्या?

इंदापूर तालुक्यातील कळस हा पर्जन्यछायेतील टापू. पावसाचा भरवसा नाही, म्हणून तेथील घरांत पीठ किती उरले, पाणी किती उरले याचा हिशेब तोंडपाठ असतो. काही वर्षांपूर्वी तेथील एका घरी आम्ही योहानच्या शुभवर्तमानातील पाच भाकरींचा वृत्तान्त वाचला आणि प्रभूवर भार टाकण्याविषयी चार शब्द बोललो. चुलीपाशी बसलेल्या आजीबाईंनी विचारले, “फादर, त्या पोराला भाकरी कुणी बांधून दिल्या व्हत्या?” सेमिनरीत या अध्यायावरची भाष्ये आम्ही अभ्यासली होती, हा प्रश्न त्यांत आढळल्याचे आठवत नाही.

तो प्रश्न मनात ठेवून आम्ही दोन पुस्तके पुन्हा वाचली. पहिले पंडिता रमाबाईंचे. कळसपासून फार दूर नाही, शेजारच्या दौंड तालुक्यात केडगावला त्यांचे मुक्तिसदन आहे. १९०७ साली त्यांनी इंग्रजीत एक छोटी पुस्तिका लिहिली आणि आपल्याला लाभलेल्या अक्षय ठेव्याविषयी साक्ष दिली. रमाबाई कॅथलिक नव्हत्या. परंतु १९६४ साली दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने विभक्त बंधुभगिनींच्या ठायी असलेली ख्रिस्ताची देणगी आनंदाने ओळखण्यास आपल्याला सांगितलेच आहे.

या पुस्तिकेत अलंकार नाहीत. वेदशास्त्रसंपन्न पित्याची ही विदुषी कन्या स्वतःच्या विद्वत्तेला बाजूला बसवून लिहिते. ब्रिस्टलच्या जॉर्ज म्युलरांनी कोणाकडे हात न पसरता अनाथाश्रम चालविले हे वाचून, हिंदुस्थानातही असा विश्वास टाकता येईल काय, असा प्रश्न त्यांना पडला. अखेरीस त्या सांगतात की आपले बँकेत खाते नाही, कायमची ठेव नाही. रोजची गरज पित्याच्या हातून रोज भागते. ठेवा अक्षय आहे तो ख्रिस्त, कोठार नव्हे. हा भेद त्या कोठेही सोडत नाहीत, आणि हेच या लेखनाचे बळ आहे.

तथापि एक उणीव सांगितली पाहिजे. साक्षीचा हेतू देवाचा गौरव हा असल्यामुळे माणसांचे कष्ट तीत मागे राहतात. १८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि सुमारे तीनशे मुली घेऊन आल्या. १९०० च्या गुजरातच्या दुष्काळानंतर सदनातील संख्या दोन हजारांच्या आसपास पोहोचली. इतक्या तोंडांना घास मिळाला तो विहिरी खणून, शेत कसून, माग चालवून. देणगीदारांचे पैसेही आले. तेही कोणाच्या तरी घरखर्चातून बाजूला काढलेले. ईश्वरी तरतूद आकाशातून पडली नाही, ती हातांतून आली. ज्याने केवळ ही पुस्तिका वाचली त्याला हे हात पुरेसे दिसत नाहीत.

ते दाखविले लक्ष्मीबाई टिळकांनी. ‘स्मृतिचित्रे’ १९३४ ते १९३६ या काळात भागाभागाने प्रसिद्ध झाली. रेव्हरंड नारायण वामन टिळकांच्या हातात पैसा टिकत नसे. समोर गरजू दिसला की घराचा विचार मागे पडे. १९१७ साली तर त्यांनी मिशनचा पगारही सोडला. चरित्रकार येथे थोर त्यागाचे प्रकरण लिहितो. लक्ष्मीबाई मात्र चुलीकडून पाहतात. कवी देऊन मोकळा झाला, आता संध्याकाळी काय शिजवायचे, हा प्रश्न त्यांचा. तो त्या रडत मांडत नाहीत, हसत मांडतात. पण हसण्यात पतीची अवहेलना नाही आणि स्वतःच्या सोशिकपणाची जाहिरातही नाही. सोवळ्याओवळ्यात वाढलेली ही बाई पुढे दुष्काळातील पोरक्या मुलांना जवळ करते, बालकवींसारख्या तरुणाला पोटच्या मुलासारखे सांभाळते. ती पतीच्या औदार्याला बळी पडली असे म्हणणे म्हणूनच अपुरे आहे. ते औदार्य हिशेब ओळखूनही तिने आपले केले. देणाऱ्याचे नाव होते आणि निभावणारीचे होत नाही, हे मात्र तिच्या लेखणीने कायमचे नोंदवून ठेवले.

ही दोन पुस्तके एकमेकांवाचून वाचू नयेत असे आमचे मत आहे. केवळ रमाबाई वाचल्या तर विश्वास हा चमत्कार वाटेल. केवळ लक्ष्मीबाई वाचल्या तर औदार्य हा संसारावरील भार वाटेल. सारफथच्या विधवेच्या कथेत दोन्ही एकत्र आहेत. तिच्या मडक्यातील पीठ संपले नाही, हे आपण आवर्जून सांगतो. ते रोज मळून भाजावे तिलाच लागले असेल, हे सांगत नाही.

हा दोष आमच्या प्रवचनांचा आहे आणि तो आम्ही आपल्या पदरी घेतो. वर्गणीची वही घेऊन आम्ही घरोघर जातो, कर्ता पुरुष आकडा सांगतो, आम्ही विधवेच्या दोन नाण्यांचा दाखला देऊन आशीर्वाद देतो. तो आकडा भागविण्यासाठी स्वयंपाकघरात कोणाच्या ताटातील काय कमी झाले, हे आम्ही विचारलेले नाही. स्वतःच्या घासातून दिले ते दान. दुसऱ्याच्या घासातून, त्याला न विचारता दिले, तर प्रभूवरील विश्वास हे नाव त्याला शोभत नाही.

वाचकहो, सायंकाळच्या रोझरीनंतर ही पुस्तके घरात मोठ्याने वाचा, आणि घरातील स्त्रियांना त्यांवर प्रथम बोलू द्या. आजीबाईंना त्या दिवशी आमच्याकडून उत्तर झाले नाही. आम्ही गप्प बसलो, आणि त्यांनी आमच्या पानात आणखी एक भाकरी वाढली.